बर्फाच्या घाटातली बुटकी गाडी : सुबारू इम्प्रेझा आरएस

मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या पश्चिमेला, लेकवूडमध्ये राहते आणि आठवड्यातले दोन दिवस फ्रिस्कोच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. मधे आय-७० हा महामार्ग आहे, म्हणजे रॉकी पर्वतातला घाटच. साडेपाच हजार फुटांवरून निघायचं, अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे जायचं आणि नऊ हजार फुटांवर फ्रिस्कोला पोचायचं. अंतर साठ-पासष्ट मैल. जुलैत सव्वा तासात पोचते. जानेवारीत पहाटे घर सोडते आणि वेळेचं गणित मांडतच नाही. माझे बरेचसे पेशंट स्कीइंग करताना गुडघा नाहीतर खांदा दुखावून घेतलेले असतात. बर्फ जास्त पडला की त्यांची संख्या वाढते, त्यामुळे बर्फ पडला म्हणून घरी बसणं मला परवडत नाही.

जुनी सेडान दीड लाख मैलांवर गेल्यावर मी २०२४ च्या मॉडेलची सुबारू इम्प्रेझा घेतली, तिचा वरचा प्रकार आरएस. पाच दारांची, बुटकी, ऑल-व्हील-ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली हॅचबॅक. या पिढीपासून अमेरिकेत इम्प्रेझाची सेडान बंदच झाली, आता फक्त हॅचबॅक मिळते. मॅन्युअल गिअरबॉक्सही गेला. यादी किंमत २८ हजार डॉलरच्या जवळपास होती, त्यावर वाहतूक आणि कर. पहिल्या डीलरने त्यात रंगाचं संरक्षण, टायरमधला नायट्रोजन असं काय काय आधीच चिकटवून ठेवलं होतं आणि काढायला तयार नव्हता. मी तिथून उठले आणि दुसऱ्या गावातून हीच गाडी यादीच्या किमतीला आणली. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी घाई करू नये, एवढंच सांगते.

आमच्या ओळखीतल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता : डोंगरात जायचं तर एसयूव्ही घे, उंच घे. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. ह्याच गाडीची उंच केलेली बहीण क्रॉसट्रेक. तिचं ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, ८.७ इंच, हिचं फक्त ५.१. शिवाय चिखल-बर्फासाठीचा एक्स-मोडही क्रॉसट्रेकमध्ये आहे, हिच्यात नाही. पण माझा रस्ता डांबरी आहे. त्यावर दिवसरात्र बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगरगाड्या फिरतात. त्या रस्त्यावर रुतण्याची भीती क्वचितच असते. भीती असते ती उतारावर, वळणावर, समोरच्याने अचानक ब्रेक दाबल्यावर घसरण्याची. अशा वेळी गाडी जितकी जमिनीलगत आणि जितकी कमी डुलणारी, तितकं मला बरं वाटतं. ही वळणात डुलत नाही. स्टेअरिंग फिरवलं की नाक तिकडे जातं, मागचा भाग मुकाट्याने पाठोपाठ येतो. स्टेअरिंगची ही यंत्रणा त्यांनी डब्ल्यूआरएक्स ह्या आपल्या वेगवान भावंडाकडून घेतली आहे आणि ते हाताला जाणवतं.

ह्याच्या मुळाशी इंजिन आहे. नेहमीच्या गाडीत सिलिंडर उभे असतात. सुबारूत ते आडवे, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, एकमेकांकडे पाठ करून निजलेले. त्यामुळे इंजिनचं वजन खाली बसतं. त्याच्या मागे सरळ रेषेत गिअरबॉक्स आणि गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला चकत्यांचा एक क्लच, जो मागच्या चाकांना किती जोर द्यायचा ते ठरवतो. साधारण साठ टक्के पुढे, चाळीस मागे अशी वाटणी सुरुवातीपासूनच असते आणि गरजेप्रमाणे बदलत राहते. बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढची चाकं घसरली की मग मागची कामाला लागतात. इथे मागची चाकं पहिल्या क्षणापासून ढकलत असतात. सिग्नलवर बर्फाचा काळपट, घट्ट झालेला थर असतो, शेजारची गाडी जागच्या जागी चाकं फिरवत सूंऽऽ करत राहते, आणि ही काहीच घडलं नसल्यासारखी निघते. सुबारूने १९७२ मध्ये लिओनेच्या फोर-व्हील-ड्राइव्ह वॅगनपासून हेच काम धरलंय. पन्नास वर्षं एकच गोष्ट घोटल्याचा फरक पडतो, असं माझं मत आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक दाबल्यावर चार चाकांना जोर मिळतो की दोन, ह्याला काही अर्थ उरत नाही. तिथे फक्त टायरचं रबर आणि रस्ता यांचा व्यवहार असतो. आय-७० वर मी जे बाजूच्या खड्ड्यात गेलेले बघते, त्यांत चारही चाकांना जोर असलेल्या मोठ्या गाड्या भरपूर असतात. निघताना त्यांना कुठे अडचणच आली नाही, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे ते थांबायची वेळ येईपर्यंत कळलंच नाही. गाडी निघाली म्हणजे रस्ता चांगला आहे, असा समज ही गाडीही करून देते. म्हणून मी घाट सुरू व्हायच्या आधी, मागे कोणी नाही हे बघून, हळू वेगात एकदा ब्रेक दाबून पाहते. रस्ता काय म्हणतोय ते तेवढ्यात समजतं.

आरएसला कारखान्यातून येतात ते अठरा इंची, पातळ कडेचे ऑल-सीझन टायर. दिसायला छान. कोरड्या रस्त्यावर उत्तम. थंडीत मला ते चालत नाहीत. पारा सात अंश सेल्सिअसच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. मी सतरा इंची रिमवर २०५/५० मापाचे चार हिवाळी टायर वेगळे चढवून घेतले. बाहेरचा घेर मूळच्या टायरइतकाच भरतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. आणि कड जाड असल्याने खड्ड्यात रिमला दणका कमी बसतो. हजार-बाराशे डॉलर गेले. ऑक्टोबरअखेर चढवते, एप्रिलअखेर उतरवते, आणि उन्हाळी संच तेवढा वेळ गॅरेजमध्ये पडून राहतो, म्हणजे दोन्ही संच जास्त वर्षं टिकतात. एवढ्या पैशात मी त्या गाडीला वेगळीच गाडी केली, असं मला मनापासून वाटतं. कोणी विचारलं, क्रॉसट्रेक घेऊ की इम्प्रेझा आणि वर हिवाळी टायर, तर माझ्यासारख्या डांबरी घाटासाठी मी इम्प्रेझा आणि टायर असंच सांगेन.

कोलोरॅडोचा कायदाही टायरवर नजर ठेवतो. १ सप्टेंबर ते ३१ मे, आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या टप्प्यात ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी असली तरी टायरची नक्षी किमान तीन-सोळांश इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल हवी. नसेल तर १३० डॉलरच्या वर दंड. तुमच्यामुळे रस्ता बंद पडला तर ६५० च्या वर. गोटा झालेल्या टायरवर आपल्याकडे लोक दोन पावसाळे काढतात, इथे तसं चालणार नाही. आणि ऑल-व्हील-ड्राइव्हवाल्यांना आणखी एक खर्चिक नियम पाळावा लागतो : चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे, आणि झीजसुद्धा जवळपास सारखी. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा नवा असला की त्याचा घेर मोठा राहतो, मग तो चकत्यांचा क्लच सतत घासत राहतो आणि तापतो. एका टायरला दुरुस्त न होणारी जखम झाली तर कधी कधी चारही बदलावे लागतात. घेतानाच हा हिशेब डोक्यात असू द्या आणि टायर वेळच्या वेळी पुढचे-मागचे फिरवून घ्या.

आता पिकअप. आरएसमध्ये अडीच लिटरचं इंजिन, १८२ हॉर्सपॉवर. २०२४ च्या खालच्या दोन प्रकारांत दोन लिटरचं, १५२. दोन्हींना टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, नाही. समुद्रसपाटीवर राहणाऱ्याला दोन लिटरचं पुरेल. आमच्याकडे हवाच विरळ. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते असा हिशेब धरला तर बोगद्याच्या तोंडाशी एक तृतीयांश इंजिन हवेत विरलेलं असतं. म्हणजे माझे १८२ घोडे तिथे सव्वाशेच्या आसपास, आणि दोन लिटरवाल्याचे शंभर. बोगद्याआधीच्या सिल्व्हर प्लूम गावापुढच्या चढावर डाव्या लेनमधल्यांबरोबर राहायचं तर ॲक्सिलरेटर बराच खाली दाबावा लागतो, आणि तेव्हा सीव्हीटीमुळे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समुळे, इंजिन एकाच वरच्या पट्टीत घुमत राहतं. चारजण आणि सामान असेल तर तो आवाज गप्पांत लुडबुड करतो. मी चढावर उजव्या लेनमध्ये राहते आणि घाई करत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी माझदा ३ ची टर्बो हॅचबॅक चालवून बघावी. तीही ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, टर्बोमुळे उंचीवर तिचा दम टिकतो, आतून जास्त देखणी आहे. मी ती नाकारली ती मागच्या जाड खांबामुळे. लेन बदलताना मागचा कोपरा दिसत नाही. इम्प्रेझाच्या काचा मोठ्या आहेत, खांब सडपातळ आहेत, मान वळवली की दिसायला हवं ते दिसतं. पहाटेच्या अंधारात, बाजूने मीठ-पाणी उडवत ट्रक जात असताना, मला देखणेपणापेक्षा हे हवं होतं.

मार्चमध्ये माझे वडील साताऱ्याहून आले होते. आप्पांनी सातारा डेपोत एसटी चालवली. मेढ्यावरून केळघर घाट चढून महाबळेश्वर, वाईहून पसरणी घाट, ही त्यांची नेहमीची वाट. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. इंजिन इतकं खाली बघून ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. "प्लग कुठनं काढत्यात ह्याचे?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बाजूने, चासीच्या आणि इंजिनच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून, असं सांगितल्यावर म्हणाले, "मेकॅनिकचे हाल हायेत." ते खरंच आहे. घरच्या घरी प्लग बदलणाऱ्यांनी ह्या इंजिनाच्या नादी लागू नये.

मग त्यांना बोगद्यापलीकडे घेऊन गेले. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सात टक्क्यांचा लांबलचक उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे चढते रस्ते काढून ठेवलेत, एवढं सांगितलं तरी उताराची कल्पना येईल. आदल्या रात्री बर्फ पडून गेला होता. मी दोनदा ब्रेक लावला तसे आप्पा म्हणाले,

"ब्रेक कशाला दाबतीस गं सारखा? गिअर टाक की."

"आप्पा, हिला गिअर नसतात. आत साखळी आणि कप्प्या आहेत."

"मग उतरताना धरायचं कशानं?"

मी गिअरचा दांडा मॅन्युअलला घेतला आणि स्टेअरिंगमागची डावी पट्टी दोनदा ओढली. इंजिनचा आवाज चढला आणि गाडीने स्वतःला आवरलं. ब्रेकला पाय न लावता खालपर्यंत तोच वेग राहिला. आरएसमध्ये सीव्हीटीला आठ लटके गिअर दिलेत, चढताना मी ते कधीच वापरत नाही, पण उतरताना त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही. निसरड्या उतारावर इंजिनाचा आवर चारही चाकांना मिळतो, आणि ऑल-व्हील-ड्राइव्हचा उतारावर काही उपयोग असेलच तर तो हा. मात्र पट्टी एकेकदाच ओढायची, वेग आधीच कमी असताना. आप्पांनी मान हलवली. "चढायचं त्याच गिअरमधी उतरायचं. आमाला पैल्या दिवशी हेच शिकिवलं हुतं." नंतरच्या वळणांवर त्यांचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ होते. गाडीला मिळालेल्या सगळ्या प्रशस्तींत मला ही सर्वात मोठी वाटते.

त्यांनी एक प्रश्न परतीच्या वाटेवर विचारला : असली छोटी, चारही चाकांना जोर असलेली गाडी आपल्याकडे का नाही? थार आहे, जिम्नी आहे, पण त्या वेगळ्या जातीच्या. जपानमध्ये सुझुकी स्विफ्टसुद्धा फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये विकते. भारतात तीच स्विफ्ट फक्त पुढच्या चाकांवर. बर्फ नसला तरी पावसाळ्यात आंबेनळी नाहीतर वरंधा घाटातल्या शेवाळलेल्या वळणांवर अशा गाडीला गिऱ्हाईक मिळेल, असं आप्पांचं ठाम मत आहे आणि मला ते पटतं.

ॲव्हरेज विचारणारे बरेच असतात. सरकारी आकडे शहरात गॅलनला २६ मैल, महामार्गावर ३३, एकत्रित २९; म्हणजे लिटरला बारा किलोमीटरच्या जरा वर. जाऊन-येऊनचा माझा आकडा उन्हाळ्यात तिशीच्या पुढे, हिवाळी टायरवर दोन-तीन मैलांनी कमी. आजच्या हायब्रिडच्या काळात हा आकडा साधारणच आहे. टाकी मात्र १६.६ गॅलनची, मोठी, त्यामुळे घाट बंद होऊन तासन्‌तास हीटर लावून अडकून पडलं तरी जीव टांगणीला लागत नाही. कोलोरॅडोत नव्याने आलेल्यांसाठी एक सूचना : इथल्या पंपावर 'रेग्युलर' म्हणून मिळतं ते ८५ ऑक्टेनचं पेट्रोल. गाडीचं पुस्तक ८७ मागतं, म्हणजे इथल्या पंपावरचं मधलं बटण. मी मधलंच दाबते.

आत बसल्यावर ११.६ इंचाचा उभा पडदा समोर येतो. तापमान कमी-जास्त करायला आणि काचेवरची वाफ घालवायला खरी बटणं आहेत, त्याबद्दल बनवणाऱ्यांचे आभार. पण सीट गरम करायची सोय पडद्यात घातली आहे. उणे पंधरात हातमोजे घालून बसणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी तेच लागतं, आणि पडदा मोज्यांना दाद देत नाही. सीट स्वतः छान आहे. दिवसभर लोकांच्या कमरा बघणारी मी, मला स्वतःची कंबर महत्त्वाची. माकडहाडाच्या वर जिथे आधार लागतो तिथे तो ह्या सीटमध्ये आहे. मागे दोन मोठी माणसं नीट बसतात, तिसरं लहानच हवं. डिकी २०.४ घनफूट, मागची सीट पाडली की ५६. गणेशोत्सवात आमच्या पथकाचे दोन ढोल, ताशे आणि ध्वजाचे बांबू तिरके घालून मी एका खेपेत नेते.

शेवटचा मुद्दा काचेचा, आणि तो घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावा. आयसाइट ही सुबारूची सावध करणारी यंत्रणा पुढच्या काचेमागच्या दोन कॅमेऱ्यांवर चालते. समोरची गाडी थांबली तर ब्रेक लावते, रविवारी संध्याकाळी स्कीवाल्यांच्या रांगेत पुढच्याच्या मागे मागे आपणहून चालते; त्या रांगेत माझे पाय वाचतात. दाट बर्फात कॅमेऱ्यांना दिसेनासं झालं की ती तसं सांगून बाजूला होते, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नये. अडचण अशी की कोलोरॅडोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात खडी टाकतात आणि ट्रकमागून उडालेला खडा काचेला लागणं हे इथे ठरलेलं. माझ्या काचेला वाटेतल्या आयडाहो स्प्रिंग्ज गावापाशी लागला, चार दिवसांत चीर कॅमेऱ्यांपर्यंत गेली. काच बदलली की कॅमेरे पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. एका काचवाल्याने जुळवणीशिवायचा स्वस्त भाव दिला आणि 'काही फरक पडत नाही' म्हणाला. कॅमेरा केसभर तिरका राहिला तर दूरची गाडी त्याला भलतीकडे दिसणार. मी दुसरीकडे गेले. काच आणि जुळवणी मिळून हजार डॉलरच्या पुढे बिल झालं. विम्यात काचेचं कलम मी गाडी घेतानाच घातलं होतं, त्यामुळे माझ्या खिशातून शंभरच गेले. विमा घेताना काचेचं कलम आहे का एवढंच विचारू नका, कॅमेऱ्यांची जुळवणी त्यात धरली आहे का, हे लेखी विचारून घ्या.